पेरणी आणि विक्री यांच्या मधले तीस दिवस : सोलापूरच्या कृषी विभागास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी,
सोलापूर

विषय : सोयाबीनमधील तणस्पर्धा, तिच्यामुळे घटणारे उत्पादन आणि जिल्ह्याच्या पातळीवर करावयाची कार्यवाही

महोदय,

सोलापूर जिल्ह्याच्या खरीप हंगामाविषयी शासकीय पातळीवर जी चर्चा होते ती प्रामुख्याने दोन टोकांभोवती फिरते. एक टोक पेरणीचे, म्हणजे बियाण्याची उपलब्धता, घरच्या बियाण्याची उगवणक्षमता चाचणी, खत आणि पहिला पेरणीयोग्य पाऊस यांचे. दुसरे टोक विक्रीचे, म्हणजे हमीभाव, खरेदी केंद्रे, दाण्यातील ओलावा आणि बारदाना यांचे. या दोन टोकांच्या मधे, पेरणीनंतरच्या पंधराव्या दिवसापासून पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत, जो महिनाभराचा काळ येतो, त्यात सोयाबीनच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा तणांशी होणाऱ्या स्पर्धेतून ठरत असतो. आणि नेमक्या याच काळात शेतकरी सल्ला, मजूर आणि अवजारे या तिन्ही बाबतींत सर्वाधिक एकटा असतो, हे या पत्राचे मुख्य प्रतिपादन आहे.

सोलापूर हा मूळचा रब्बीचा जिल्हा. मालदांडी ज्वारी, करडई आणि हरभरा ही येथील काळ्या जमिनीची जुनी पिके असून खरिपात बाजरी, तूर, उडीद आणि मूग यांचीच प्रथा होती. सोयाबीन येथे त्या मानाने उशिरा आले, आणि ते प्रामुख्याने लातूर-धाराशिवच्या बाजूने, म्हणजे बार्शी तालुक्यातून, पसरत गेले. आज राज्यात या पिकाखालचे क्षेत्र जवळपास ५० लाख हेक्टर असून लातूरची बाजारपेठ त्याच्या भावाची दिशा ठरवते. मात्र विदर्भाच्या किंवा माळव्याच्या पावसात रुळलेले हे पीक ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ५५० मिलीमीटरच्या आसपासच पाऊस पडतो आणि त्यातही सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, त्या जिल्ह्यात आले तेव्हा त्याच्यासोबत लागवडीचे जे वेळापत्रक आले ते येथील पावसाला पुरेसे जुळवून घेतले गेले नाही. तणनियंत्रणाच्या बाबतीत ही विसंगती सर्वांत ठळकपणे दिसते.

तणस्पर्धा म्हणजे पीक आणि तण यांच्यात पाणी, अन्नद्रव्ये, प्रकाश आणि जागा यांसाठी एकाच वेळी चालणारा झगडा. तिच्यामुळे होणारे नुकसान मोजण्याचा एक गंभीर प्रयत्न जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी केला असून, १८ राज्यांतील शेतकऱ्यांच्या शेतांवर घेतलेल्या १,५८१ चाचण्यांच्या आधारे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सोयाबीनमध्ये तणांमुळे होणारी घट सरासरी ३१.४ टक्के आहे. त्याच अभ्यासात ज्वारीतील घट २५.१ टक्के आणि गव्हातील १८.६ टक्के आढळली. अभ्यासलेल्या प्रमुख पिकांत सोयाबीनपेक्षा अधिक घट केवळ भुईमुगात, ३५.८ टक्के, होती. तणांचा अजिबात बंदोबस्त केला नाही तर ही घट याहून कितीतरी मोठी होते. अमेरिका आणि कॅनडा येथील २००७ ते २०१३ या काळातील चाचण्यांच्या संकलनात कोणतेही तणनियंत्रण न केलेल्या सोयाबीनचे उत्पादन सरासरीने निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसून आले आहे.

या टक्केवारीचा सोलापूरच्या शेतकऱ्याच्या हिशेबातील अर्थ पाहणे आवश्यक आहे. एकरी ८ क्विंटल देण्याची क्षमता असलेल्या पिकातून ३० टक्के घट झाली तर २.४ क्विंटल सोयाबीन जाते, आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या ५,३२८ रुपये प्रतिक्विंटल या हमीभावाने त्याची किंमत एकरी सुमारे १२,८०० रुपये होते. हमीभाव २०२४-२५ मधील ४,८९२ रुपयांवरून ४३६ रुपयांनी वाढला, तेव्हा ८ क्विंटलवर त्या वाढीचा लाभ, तोही माल प्रत्यक्ष हमीभावाने विकला गेला तरच, ३,४८८ रुपये इतका होतो. भाववाढीसाठी जितकी तळमळ व्यक्त होते तितकीच ती शेतातच हरवणाऱ्या या २.४ क्विंटलांसाठीही व्यक्त व्हायला हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने जिल्ह्यातील पिके वाहून गेली तेव्हा पंचनामे झाले, आणि ते होणे आवश्यकच होते. परंतु तणांनी नेलेल्या उत्पादनाचा पंचनामा कधीच होत नाही, आणि प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही संरक्षण आहे ते टाळता न येणाऱ्या नैसर्गिक जोखमींना, तणांमुळे होणारे नुकसान हे टाळता येण्याजोगे मानले जात असल्याने त्याला नाही. जे नुकसान टाळता येण्याजोगे आहे असे शासनाचे धोरणच मानते, ते टाळण्याची साधने शेतकऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचवण्याची जबाबदारीही त्या मान्यतेतूनच निघते.

तण पिकाला नेमके कसे मागे टाकते, याची उकल केल्याशिवाय वेळेचे महत्त्व ध्यानात येत नाही. सोयाबीनची शिफारस केलेली पेरणी साधारणपणे ४५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत होते आणि पहिले चार ते सहा आठवडे या ओळींमधली जमीन उघडी राहते. पाने एकमेकांना भिडून जमिनीवर सावली धरेपर्यंत, ज्याला शेतकरी ‘रान झाकणे’ म्हणतात तोपर्यंत, त्या उघड्या जमिनीवर पडणारा प्रकाश आणि त्या थरातील ओल ज्याला प्रथम मिळेल त्याची असते. हरळी, लव्हाळा, माठ आणि घोळ ही तणे प्रकाशसंश्लेषणाच्या सी-४ या प्रकारात मोडतात, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड पानात एकवटून घेण्याची जादा यंत्रणा त्यांच्यापाशी असते, ज्यामुळे कडक ऊन आणि तुटपुंजी ओल अशा स्थितीत ती पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे अधिक वाढ करून दाखवतात. सोयाबीन मात्र सी-३ प्रकारातले पीक असून उष्णतेत आणि पाण्याच्या ताणात त्याची गती मंदावते. पाऊस चांगला असताना हा फरक फारसा जाणवत नाही, परंतु जुलैमध्ये पावसाने दोन-तीन आठवडे ओढ दिली की तोच फरक निर्णायक ठरतो, आणि सोलापुरात अशी ओढ बसणे हा अपवाद मानता येत नाही.

याहून सूक्ष्म अशी एक प्रक्रिया अलीकडच्या दशकांतील संशोधनाने पुढे आणली आहे. हिरवे पान सूर्यप्रकाशातील लाल किरण शोषून घेते आणि त्यापलीकडचे अतिलाल किरण परावर्तित करते. शेजारी तण उगवले की सोयाबीनच्या रोपावर पडणाऱ्या प्रकाशातील लाल आणि अतिलाल किरणांचे प्रमाण बदलते, आणि प्रत्यक्ष सावली पडण्याच्या कितीतरी आधी ते रोप या बदलावरून शेजाऱ्याची चाहूल घेऊन उंच वाढू लागते. पेरांमधले अंतर वाढते, खोड बारीक राहते, आणि मुळे व फांद्या यांच्या वाट्याचे अन्न उंचीवर खर्च होते. फांद्या कमी म्हणजे पुढे फुलांच्या आणि शेंगांच्या जागा कमी. पाणी आणि खत यांची टंचाई अजून सुरूही झालेली नसताना पिकाच्या भावी शेंगांच्या संख्येवर अशा रीतीने मर्यादा पडलेली असते, आणि म्हणूनच तण ‘अजून लहान आहे’ म्हणून खुरपणी लांबवणे महागात पडते. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी, ज्यांतील जिवाणू हवेतील नत्र पिकाला उपलब्ध करून देतात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जोमाने काम करू लागतात. या जिवाणूंना लागणारी शर्करा पानांतूनच येत असल्याने पाने सावलीत गेली की नत्राचा हा पुरवठाही मंदावतो. त्यानंतर पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास फुलोरा येतो. पिकाची उंची, फांद्या, गाठी आणि फुले या चारही गोष्टी ज्या अवधीत ठरतात तोच तणस्पर्धेचा संवेदनशील काळ होय, आणि तो पंधरा ते पंचेचाळीस दिवसांचा मानण्यामागे ही कारणे आहेत.

तणांची संख्या आणि उत्पादनातील घट यांचे नाते सरळ रेषेचे नसते, हेही येथे नोंदवले पाहिजे. रॉजर कझन्स या तणशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे जगभर वापरल्या गेलेल्या गणिती प्रतिमानानुसार चौरस मीटरमधील पहिली काही तणे प्रत्येकी सर्वाधिक नुकसान करतात आणि त्यानंतर वाढत जाणाऱ्या प्रत्येक तणाचे नुकसान कमी-कमी होत जाते, कारण तणे आपापसांतही झगडू लागतात. शिवाय पिकाबरोबरच उगवलेले तण हे तीन आठवड्यांनी उगवलेल्या तणापेक्षा कितीतरी अधिक घातक असते. यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की शेत उशिरा पूर्ण स्वच्छ करण्यापेक्षा ते लवकर बऱ्यापैकी स्वच्छ करणे अधिक लाभाचे असते, आणि पन्नासाव्या दिवशी कंबरभर तण उपटून बांधावर टाकण्याचा जो खर्च केला जातो त्याचा बहुतांश भाग त्या हंगामाच्या उत्पादनाच्या दृष्टीने वाया गेलेला असतो. त्यातून पुढल्या वर्षीचे बी कमी होते, एवढाच काय तो फायदा.

सोलापूरच्या काळ्या जमिनीत हे ‘लवकर’ साधणे का कठीण जाते, याचे उत्तर वाफशात आहे. पावसानंतर जमिनीतील पाणी इतके ओसरावे की माणूस, बैल किंवा यंत्र आत जाऊ शकेल आणि तरीही तिच्यात ओल टिकून असावी, ही स्थिती म्हणजे वाफसा. भारी काळ्या जमिनीत ती फार थोडे दिवस टिकते: चिकण मातीचे प्रमाण जास्त असल्याने पाऊस पडला की रान चिकट होते, आणि उघडीप लांबली की ते कठीण होऊन भेगाळते. भुरभुर पाऊस आठवडाभर चालू राहिला तर पाणी फारसे जमत नाही, पण कोळपे मात्र चालवता येत नाही, आणि तण तेवढ्यात तीन-चार पानांचे होते. पुस्तकी वेळापत्रक पेरणीपासूनचे दिवस मोजते, शेतकरी मात्र वाफशाची वाट पाहत असतो, आणि या दोहोंचा मेळ ज्या दोन-तीन दिवसांत बसतो ते दिवस प्रत्येक महसूल मंडळात वेगळे असतात. त्या दोन-तीन दिवसांत गावातील प्रत्येकाला एकाच वेळी मजूर हवे असतात.

या जिल्ह्याला या प्रश्नाचे ज्ञान नवे नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ पासून काम करीत आले असून, नीळकंठ कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धती’ म्हणून ओळखली गेलेली जी पद्धत घडली, तिच्यात बांधबंदिस्ती, रुंद अंतरावरील पेरणी आणि कमी बियाणे यांच्या जोडीला वारंवार कोळपणीला मध्यवर्ती स्थान होते. कोळपणीने तण तर मरतेच, शिवाय वरचा थर मोकळा होऊन भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जाण्याचे प्रमाण घटते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ ही म्हण याच अनुभवातून रूढ झाली. रब्बी ज्वारीसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आजही तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासाच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करण्याची आहे, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर जमिनीची आणि पिकाची जी अवस्था असेल तिला साजेसे निराळे अवजार तिच्यात सांगितले आहे. इतकी बारकाईने विचारात घेतलेली परंपरा ज्या जिल्ह्यात नांदते, तेथे सोयाबीनच्या वाट्याला मात्र तणनाशकाची एक बाटली आणि ‘वीस दिवसांत मारा’ एवढाच सल्ला यावा, ही मोठी उणीव आहे.

याचा अर्थ तणनाशके त्याज्य आहेत असा नाही. मजुरांची टंचाई खरी आहे, बैलजोड्या गावोगाव घटल्या आहेत, ट्रॅक्टरने पेरलेल्या अरुंद ओळींत कोळपे चालत नाही, आणि अशा स्थितीत तणनाशकाने अनेक कुटुंबांचे पीक वाचवले आहे. तथापि तणनाशकाच्या यशासाठी ज्या अटी लागतात त्या सोलापूरच्या जुलैमध्ये सहज पुऱ्या होत नाहीत, आणि हे विक्रेत्याच्या काउंटरवर सांगितले जात नाही. पेंडिमिथॅलिन किंवा डायक्लोसुलम यांसारखी उगवणीपूर्वीची तणनाशके पेरणीनंतर लगेच, पीक उगवण्याआधी, जमिनीवर फवारायची असतात आणि वरच्या थरात ओल असेल तरच ती त्या थरात पसरून उगवत्या तणाला गाठतात. पेरणीनंतर पावसाने पाठ फिरवली तर ती कोरड्या मातीवर निष्प्रभ पडून राहतात. इमॅझेथापायरसारखे उगवणीनंतरचे तणनाशक पंधरा ते वीस दिवसांच्या सुमारास, तण दोन-तीन पानांवर असताना, वाढीच्या जोमात असलेल्या तणावर काम करते. पाण्याच्या ताणाने तण सुकट झाले असेल तर ते औषध कमी शोषून घेते, पिवळे पडून पुन्हा सावरते आणि शेतकरी पुढच्या वर्षी मात्रा वाढवतो. हातपंपाने फवारताना हेक्टरी ५०० लिटरच्या आसपास पाणी लागते; टंचाईच्या गावात ते निम्म्यावर आणले जाते, नोझल कीटकनाशकाचेच ठेवले जाते, आणि मग रानात पट्ट्या-पट्ट्यांनी तण उरते.

केना या तणाचा येथे स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. केना जमिनीवर फुलतो तसाच जमिनीखालीही बंद फुले धरतो आणि तेथेच बी तयार करतो. त्याचा तुकडा ओल्या मातीत पडला की प्रत्येक पेरातून मुळे फुटतात, त्यामुळे ओलसर रानात घाईने केलेली कोळपणी त्याचा नाश करण्याऐवजी त्याची लागवडच करते. सोयाबीनमधील अनेक तणनाशकांनाही तो पुरता दाद देत नाही. एकच औषध वर्षानुवर्षे वापरले की त्याला बळी पडणारी तणे कमी होतात आणि न पडणारी तणे रिकाम्या जागेत वाढतात. तणसमूहातील हा पालट म्हणजे पहिला टप्पा, आणि एकेकाळी मरणाऱ्या तणाच्याच लोकसंख्येतून न मरणारी पिढी पुढे येणे, म्हणजे प्रतिकारक्षमता, हा दुसरा. हरियाणातील गव्हात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी आयसोप्रोट्यूरॉन या तणनाशकाला तेथील एका गवताने दाद देणे सोडले आणि तेथील शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. अमेरिकेत १९९६ पासून ग्लायफोसेट सहन करणाऱ्या सोयाबीनच्या वाणांमुळे तणनियंत्रण अगदी सोपे झाल्यासारखे वाटले, पण २००५ च्या सुमारास जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेटने न मरणारा माठवर्गीय पामर अमरँथ आढळला आणि पुढे त्या भागातील शेतकऱ्यांना पुन्हा खुरपे हाती घेणारे मजूर शोधावे लागले. इतकी साधने असलेल्या देशावर ही वेळ आली, तर ज्या जिल्ह्यात एकाच गटातील औषध हंगामामागून हंगाम फवारले जाते तेथे सावधगिरी आजच बाळगायला हवी.

सोलापूरच्या बाबतीत आणखी एक धोका असा आहे, जो पूर्ण खरीप पट्ट्यात तितका जाणवत नाही. येथे सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात रब्बी ज्वारी किंवा करडई घेण्याची अनेकांची धडपड असते. इमॅझेथापायर जमिनीत विघटित होते ते मुख्यतः सूक्ष्मजीवांमुळे, आणि सूक्ष्मजीवांना ओल लागते. कोरड्या हंगामात हे विघटन मंदावते. ज्वारी या तणनाशकाला संवेदनशील आहे, इतकी की अमेरिकेतील लेबलवर ते फवारल्यानंतर ज्वारी पेरण्यापूर्वी दीड वर्षाचे अंतर ठेवण्याची सूचना आहे. तेथील थंड हवामान आणि येथील उष्ण हवामान यांत अंतर असल्याने तो आकडा जसाच्या तसा येथे लावणे चूक ठरेल, परंतु ज्या वर्षी जुलै-ऑगस्ट कोरडे गेले त्या वर्षी मात्रा वाढवून फवारलेल्या रानात ज्वारी पेरणाऱ्याला याची पूर्वसूचना मिळाली पाहिजे, हे निर्विवाद आहे. मालदांडी ही या जिल्ह्याची भाकरी आहे आणि तिच्या कडब्यावर जनावरे जगतात. सोयाबीनच्या सोयीसाठी तिला धक्का लागता कामा नये. याच्या जोडीला उसाच्या पट्ट्यातील प्रश्न आहे: उसात रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, आणि त्याच पंपाने, तो नीट न धुता, सोयाबीन फवारले किंवा वाऱ्यासोबत त्याचे तुषार शेजारच्या रानात गेले, तर रुंद पानांचे सोयाबीन, तूर, द्राक्ष आणि डाळिंब ही सगळी पिके आकसतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा ही सूचना प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दर्शनी भागात मराठीत लावणे एवढेही अद्याप सार्वत्रिक झालेले नाही.

या सर्व चर्चेत ज्यांचा उल्लेख सहसा होत नाही त्या म्हणजे खुरपणी करणाऱ्या स्त्रिया. तण दाट असेल तर एका एकराला आठ-दहा बायकांचा दिवस लागतो, तोही उकिडवे बसून, ओल्या मातीत, घरातली कामे उरकून आल्यावर. केना कोणता आणि शिप्पी कोणती, लव्हाळ्याची गाठ कुठवर खोल गेली आहे, कोणत्या रानात गेल्या वर्षीपेक्षा काय वाढले आहे, याचे सर्वांत अचूक ज्ञान या स्त्रियांपाशी असते. असे असूनही तणनियंत्रणावरील शेतकरी मेळाव्यांना निमंत्रण जाते ते सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला. जिल्ह्यातील तणांची नोंद घ्यायची असेल तर ती प्रथम त्यांच्याकडूनच घेतली गेली पाहिजे, आणि उभ्याने चालवता येणारे सायकल कोळपे किंवा चाकाचे हातकोळपे कोणते उपयोगी आहे याचा निर्णयही त्यांनी ते वापरून पाहिल्यावरच व्हावा.

आता आपल्या कार्यालयाकडून अपेक्षित असलेल्या गोष्टी. सर्वांत पहिली आणि सर्वांत कमी खर्चाची गोष्ट सल्ल्याच्या वेळेची आहे. ‘महावेध’ प्रकल्पामुळे महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत आणि प्रत्येक मंडळातील पाऊस दररोज नोंदला जातो. पेरणीचा आठवडाही विभागाच्या साप्ताहिक पेरणी अहवालात येतो. या दोन्ही नोंदी एकत्र केल्या तर कोणत्या मंडळात पीक पंधरा दिवसांचे झाले आहे आणि कोठे वाफसा येण्याची शक्यता आहे हे सांगता येते, आणि त्याप्रमाणे वैराग मंडळाला एक संदेश आणि अक्कलकोट तालुक्यातील मंडळाला दुसरा, असे निरनिराळे व नेमके संदेश गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांमार्फत देता येतात. पाऊस नसेल तर फवारणी थांबवा आणि कोळपे चालवा, रान ओले असेल तर कोळपणी थांबवा, केना असेल तर तो वेचून बांधाबाहेर काढा, असा सल्ला परिस्थितीनुसार बदलणारा असावा. राज्यभर एकच मजकूर पाठवण्याची पद्धत या पिकाच्या या टप्प्यावर निरुपयोगी ठरते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. आपला विभाग दरवर्षी पीक कापणी प्रयोग घेतो, म्हणजे ठरवून दिलेल्या आकाराच्या तुकड्यातील पीक कापून त्यावरून मंडळाचे सरासरी उत्पादन काढले जाते. याच प्रयोगाच्या नोंदपत्रात तणांची स्थिती, प्रमुख तणांची नावे, कोळपणी-खुरपणीच्या तारखा आणि वापरलेले तणनाशक असे चार रकाने जोडले तर काही हंगामांतच सोलापूर जिल्ह्यासाठी तणांमुळे होणाऱ्या घटीचा स्वतःचा, तालुकानिहाय हिशेब उभा राहील. त्याच्या जोडीला प्रत्येक सोयाबीन मंडळात रस्त्यालगतच्या एका शेतात शेजारी-शेजारी तीन पट्टे राखावेत: एक पंचेचाळीस दिवस तणमुक्त ठेवलेला, एक केवळ उशिरा खुरपलेला, आणि एक अजिबात न खुरपलेला; आणि मळणीच्या दिवशी तिन्ही पट्ट्यांचे दाणे गावासमोर वजन करून दाखवावेत. मोहोळ आणि खेड येथील कृषी विज्ञान केंद्रे तसेच सोलापूरचे विभागीय कृषी संशोधन केंद्र यांच्या मदतीने हे सहज होण्यासारखे आहे. याच पट्ट्यांवर पुढे ज्वारी पेरून तणनाशकाच्या उरलेल्या अंशाचा परिणामही नोंदवावा.

अवजारांच्या बाबतीत अनुदानाच्या यादीत नांगर, रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र यांना मिळणारे प्राधान्य कोळपणीच्या साधनांना मिळाले पाहिजे. गावच्या अवजारे बँकेत लहान ट्रॅक्टरचलित कोळपे आणि हातकोळपी असतील, आणि पेरणीच्या वेळीच ठरावीक ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडणाऱ्या पट्टापेर पद्धतीचा किंवा रुंद वरंबा-सरी पद्धतीचा आग्रह धरला जाईल, तरच ती साधने जुलैमध्ये रानात शिरू शकतील. रान लवकर झाकले जावे म्हणून ओळी जवळ आणाव्यात की कोळपे चालावे म्हणून लांब ठेवाव्यात, हा खरा पेच आहे. हलक्या जमिनीत आणि हमखास फवारणी करू शकणाऱ्या शेतकऱ्याला जवळच्या ओळी मानवतील, परंतु भारी जमिनीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने कोळप्याची वाट मोकळी ठेवणेच श्रेयस्कर ठरते. पहिल्या पावसानंतर उगवलेले तण कुळवाने मोडून मगच पेरणी करण्याची जुनी रीत पेरणीस चार-आठ दिवस उशीर झाला तरी अनेकदा परवडते, मात्र पाऊस जुलैच्या मध्यापर्यंत लांबलेल्या वर्षी ती परवडत नाही, आणि हा फरकही सल्ल्यात स्पष्ट यायला हवा. रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेला माजणारे गाजरगवत फुलण्यापूर्वी काढणे हे संबंधित शासकीय खात्यांचे काम आहे. शेतकऱ्याने आपले रान स्वच्छ ठेवायचे आणि शासकीय जागेतून बी उडत राहायचे, हे न्याय्य नाही.

सप्टेंबरचा पाऊस जिल्ह्यात जोराचा असल्याने काढणीच्या वेळी रानात पुन्हा हिरवे तण उभे असते, ते मळणीत सोयाबीनबरोबर जाते, दाण्याला ओल आणि डाग लागतो. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असावा असा निकष आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाला त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. काढणीपूर्वी उंच वाढलेले तण उपटून बाजूला करण्याचा एक दिवस खरेदी केंद्रावर माल परत फिरण्याची शक्यता कमी करतो. म्हणून खरेदी नोंदणीच्या सूचनांबरोबरच ही सूचनाही जावी.

येत्या खरिपाच्या जिल्हास्तरीय पूर्वनियोजन बैठकीत बियाणे आणि खत यांच्या आढाव्यानंतर तणनियंत्रण हा स्वतंत्र विषय ठेवावा, मंडळनिहाय सल्ल्याची जबाबदारी नावानिशी निश्चित करावी, पीक कापणी प्रयोगाच्या नोंदपत्रात वरील चार रकाने जोडण्याचा प्रस्ताव पुण्याच्या कृषी आयुक्तालयाकडे पाठवावा, आणि या बैठकीस खुरपणी करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिनिधींना बोलवावे, अशी आपणांस आग्रहाची विनंती आहे.